अल्याड गार्गी, पल्याड रेवती

२ फेब्रुवारी, रविवार

सहकारी बँकेची डायरी दरवर्षी येते आणि दरवर्षी माझी बायको मालन तिच्यात दूधवाल्याचे खाडे लिहिते. यंदा मी आधीच मागून घेतली. म्हटलं, आता मलाही लिहिण्यासारखं काम आलंय.

उद्यापासून आमची सून अक्षता पुन्हा अंधेरीला ऑफिसात जाणार. सिद्धेश, माझा मुलगा, मालाडला नोकरीला. त्याची पाळी पहाटेची. म्हणजे गार्गीची छाती सकाळ-संध्याकाळ मोकळी करायचं काम माझ्याकडे आलं. बहात्तराव्या वर्षी नवी नोकरी, तीही घरातल्या घरात.

गार्गी ही नात. एप्रिलमध्ये बारा पूर्ण होतील. तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे. हे नाव न अडखळता म्हणायला मला वर्ष लागलं. माझ्या भाषेत सांगायचं तर तुमच्याआमच्या छातीतला कफ सरकतो, तिचा डिंकासारखा चिकटून बसतो. आणि अडकलेल्या कफात जंतू राहायला येतात. म्हणून रोज दोन वेळा आधी नेब्युलायझरची वाफ, मग पाठीवर-बरगड्यांवर थापटायचं, मग तिने जोरात श्वास सोडून कफ काढून टाकायचा. जेवणाआधी पचनाच्या गोळ्या, जेवणात तूप जास्त, मीठ जास्त. तिच्या घामातून मीठ फार जातं. लहानपणी पापा घेतला की ओठ खारट व्हायचे. आम्हाला वाटायचं, घाम आलाय पोरीला.

फिजिओच्या बाई काल येऊन शिकवून गेल्या. तळवा पोकळ धरायचा, पाणी प्यायला ओंजळ करतो तसा. आवाज डब-डब यायला हवा. चट-चट आला तर पोरीला लागतंय. मी म्हटलं, "बाई, मी भजनात चाळीस वर्षं पखवाज वाजवलाय."

त्या म्हणाल्या, "तेच विसरायचंय काका. इथे बोटांचं काम नाही."

मालन आतून म्हणाली, "आयुष्यभर पखवाज बडवल्यात, आता चेडवाची पाठ गावली!" तिच्या मालवणीत पोरगी म्हणजे चेडू.


४ फेब्रुवारी

हात भरून आले. गिरणीत असताना एवढे दुखले नव्हते.

गार्गी मध्येच म्हणाली, "आबा, भजन नको. एकसारखं थापट." मला कळलंच नव्हतं, हात आपोआप ठेक्यात गेले होते.


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बरं चाललंय. मला आता आवाजावरून कळतं, कुठे भरलंय आणि कुठे मोकळं आहे. म्हणजे मला तसं वाटतं. गार्गी म्हणते, "आबा, तू डॉक्टर झालास." मग फोनवर आईला सांगते, "आबा झकास करतो, तू टेन्शन घेऊ नकोस." काल मी डावी बाजू विसरलो होतो, ते मात्र तिने आईला सांगितलं नाही. मला हळूच सांगितलं.

संध्याकाळी वाफ घेताना ती टॅब समोर लावून बसते. पलीकडे रेवती असते. रेवती घाटकोपरची, चौदा वर्षांची, हाच आजार. दोघी तोंडाला नळ्या लावून समोरासमोर बसतात आणि खुणांनी बोलतात. कोणाची वाफ आधी संपते याची शर्यत लावतात. नळ्या काढल्या की अखंड बडबड. मी आत गेलो की इंग्रजी सुरू होतं. शाळेच्याच गप्पा असणार. रेवती सध्या शाळेत जात नाही, घरूनच अभ्यास करते म्हणे. हुशार असावी.

तीन वर्षांची मैत्री आहे ही. मी विचारलं, "एकदा बोलाव की तिला घरी. घाटकोपर काय लांब आहे का?"

गार्गी म्हणाली, "आम्ही भेटायचं नसतं आबा."

"का? भांडलात?"

"नाही रे. नसतं भेटायचं."

आईबापांमध्ये काहीतरी बिनसलेलं असावं. आजकाल लोक फोनवर गोड आणि दारात आलं की परके. पोरींचं मात्र उगाच नुकसान.


२६ फेब्रुवारी, बुधवार

आज महाशिवरात्र. मालनने साबुदाणे भिजवले होते. दुपारी सिद्धेशच्या फोनवर रिपोर्ट आला. गार्गीच्या कफाची तपासणी दर तीन महिन्यांनी होते, त्यात आजवर नव्हता तो जंतू निघाला. स्यूडोमोनास. सिद्धेश खुर्चीत बसून राहिला. अक्षता ऑफिसातून निघून आली, चप्पल न काढताच आत गेली. मालन तिला एरवी बोलली असती, आज बोलली नाही.

मला एवढंच कळलं की ज्याला सगळे भीत होते तो हाच.

गार्गीने विचारलं, "आलाच का?" मग खिचडी खाल्ली. उपास नसताना तीच सगळ्यात जास्त खाते.


२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टर आजगावकर बाईंकडे आम्ही सगळे गेलो, मालन सोडून. तिचे गुडघे. डॉक्टर बाई चांगल्या आहेत, पोरीकडे बघून बोलतात, आमच्याकडे बघून नाही.

गार्गीने विचारलं, "हा आला कुठून?"

"कुठूनही येतो. मातीत असतो, साठलेल्या पाण्यात असतो, मोरीच्या जाळीत असतो. आबांच्याही अंगावरून जात-येत असेल. त्यांचं काही बिघडत नाही."

"मग माझंच का?"

"तुझ्याकडे कफ हलत नाही, म्हणून त्याला थांबायला जागा मिळते. पण तुझ्याकडचा अजून नवीन आहे. नवीन असताना त्याला शेपटी असते. इकडेतिकडे पळतो, हिरवा रंग सोडतो, भांडखोर असतो. म्हणून शरीराला दिसतो आणि औषधालाही सापडतो."

"आणि जुना झाला की?"

"जुना झाला की शहाणा होतो. त्याच्या पिढ्या भराभर जातात. प्रत्येक पिढीत कोणीतरी थोडा वेगळा निघतो. ज्याला तुझ्या छातीत राहायला जमतं तो उरतो, बाकीचे जातात. असं होता होता शेपटी टाकून देतो, कारण आता पळायचं नसतं. रंग सोडायचा बंद करतो. भांडत नाही. भोवती बुळबुळीत घर बांधतो आणि आत गुपचूप राहतो. त्या घरातून औषध आत पोचत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या लालबागच्या खोलीतला पोटभाडेकरू. आला तेव्हा म्हणाला, दोनच दिवस. मग एक खिळा ठोकला, मग पडदा लावला, मग माळा काढला. शेवटपर्यंत गेला नाही."

डॉक्टर बाई हसल्या. "बरोबर. याला आपण खिळा ठोकायच्या आधी काढायचं."

आता महिनाभर वाफेतून दुसरं औषध, सकाळ-संध्याकाळ, आणि वर गोळ्या. थापटणं तर आहेच. मग पुन्हा तपासणी. मी घरी येताना ठरवलं की डावी बाजू आता कधी विसरणार नाही.


३ मार्च

घरातलं साठलेलं पाणी शोधायची मोहीम. बाथरूममधली भरलेली बादली गेली. मोरीत रोज उकळतं पाणी. मालनचा मनीप्लांट टीव्हीवर काचेच्या बाटलीत असायचा, तो मी खालच्या बागेत नेऊन लावला. ती संतापली. "माझ्या झाडान तुमचा काय केल्यान?" गार्गीने तिला शेपटीवाल्या जंतूचं चित्र काढून दाखवलं. मालनने चित्र निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो मेलो माझ्या झाडात होतो?" त्यानंतर तीच बाटल्या शोधत फिरते आहे.


११ मार्च

नवीन औषधाची चव कडू आहे. गार्गी वाफ घेताना तोंड असं करते की रेवती टॅबवर हसून हसून खोकते. मग दोघी खोकतात. रेवतीचा खोकला लांबतो. गार्गी तिच्याकडे बघत थांबते.

आज रेवती मला म्हणाली, "आबा, गार्गीला नीट थापटा हां. माझ्या वेळी आम्हाला एवढं माहीत नव्हतं." पोर मोठ्या बाईसारखी बोलते.


२२ मार्च, शनिवार

एक गंमत केली आहे. कोणाला सांगितलेली नाही, फक्त इथे लिहितो.

बारा एप्रिलला गार्गीचा वाढदिवस. एवढा कडू महिना पोरीने काढला, तिला काहीतरी खास मिळायला हवं. रेवतीच्या आईचा नंबर गार्गीच्या टॅबमध्ये होता. दुपारी फोन केला. म्हटलं, "मी गार्गीचा आजोबा, दशरथ परब. वाढदिवसाला रेवतीला घेऊन आमच्याकडे या. जेवायलाच या. पोरींना आनंद होईल. पण गार्गीला आत्ता सांगू नका."

त्यांनी दोनदा "घरी?" असं विचारलं. मग म्हणाल्या, "काका, अक्षताला माहीत आहे?"

मी म्हटलं, "तिलाही सरप्राइजच."

"मी रेवतीशी बोलते," म्हणाल्या, आणि फोन ठेवला. आवाज भरून आला होता. आनंद झाला असावा. आईबापांचं बिनसलंय असं मला वाटलं होतं ते खोटं निघालं.

मालनला कोंबडी-वड्यांचं सुचवायला हवं.


२३ मार्च, रविवार

लिहायला मन नाही. तरी लिहितो.

सकाळी गार्गी थापटून घ्यायला आली नाही. आईच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. अक्षताने तिचं थापटलं. मग गार्गी बाहेर आली, डोळे लाल.

"आबा, तू रेवतीला बोलावलंस?"

"हो, म्हटलं तुला..."

"तुला सांगितलं होतं ना, आम्ही भेटायचं नसतं!"

"अगं पण का? भांडण नाही, तंटा नाही..."

"तिच्याकडे सहा वर्षांपासून आहे तो! माझा नवीन आहे आबा, त्याला अजून काहीच येत नाही. तिचा सगळं शिकून बसलाय. आमच्यासारख्या छातीत कसं राहायचं ते त्याला पाठ आहे. तो माझ्याकडे आला तर त्याला पहिल्यापासून शिकावं नाही लागणार. आल्या आल्या घर बांधेल. तिचा खोकला माझ्या अंगावर आला तरी पुरे."

मी म्हटलं, "मास्क लावून..."

"आबा, ऐक ना! आणि मला झाला तर तिला काय वाटेल? तिला आयुष्यभर वाटत राहील की तिने मला दिला." मग ती खाली बसली. "काल ती खूप रडली. तुला माहितेय का रडली? तिला आजपर्यंत कोणी वाढदिवसाला बोलावलंच नव्हतं. तू पहिला."

अक्षता दारात उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बाबा, मला विचारायचं होतंत."

मालनने जेवताना फक्त एवढंच म्हटलं, "तुमका इचारूक काय झाला होता?"

मी चांगलंच करायला गेलो होतो. असं दुपारभर स्वतःशी म्हणत होतो. पण चांगलं करायच्या आधी विचारायला कितीसा वेळ लागतो?


२४ मार्च

गार्गी संध्याकाळी आपणहून उशी घेऊन आली आणि कुशीवर झाली. मी थापटलं. उठताना म्हणाली, "डावी बाजू जास्त केलीस आज."


४ एप्रिल, शुक्रवार

महिन्याचं औषध संपलं, मंगळवारी कफ दिला होता. आज दवाखान्यात मीही गेलो. दवाखान्यातसुद्धा या आजाराच्या मुलांना एकत्र बसवत नाहीत. एक आत गेलं की दुसऱ्याला बाहेरच्या व्हरांड्यात थांबवतात. इतकी वर्षं मला वाटायचं की गर्दीमुळे.

रिपोर्ट स्वच्छ! जंतू सापडला नाही. अक्षताने डॉक्टर बाईंचा हातच धरला.

मी डॉक्टर बाईंना म्हटलं, "मला एकदा दाखवा, नवा आणि जुना यांत काय फरक असतो."

त्यांनी कॉम्प्युटरवर दोन चित्रं उघडली. काचेच्या बशीत वाढवलेले जंतू. एका बशीत पसरट, कडा विस्कटलेली, हिरवट झाक. दुसऱ्या बशीत साबुदाण्याची खीर सांडावी तसे गोळे, चकचकीत, एकमेकांत मिसळलेले. मला सांगितलं नसतं तर दोन वेगळ्या जातीचे म्हटलं असतं.

"हा दुसरा कुठल्या मुलाकडचा?" मी विचारलं.

"ते सांगत नाही आम्ही," म्हणाल्या. "पण दोन्ही एकाच मुलाचे आहेत. मध्ये पाच वर्षं गेली, एवढंच."

मी बराच वेळ बघत होतो. डॉक्टर बाई म्हणाल्या, "गार्गीचा गेला म्हणून निर्धास्त राहायचं नाही हां काका. परत येऊ शकतो. तपासत राहायचं. पण या वेळी आपण वेळेवर पोचलो."

घरी येताना शिरा आणायचा ठरला होता, गार्गी म्हणाली शेवपुरी. शेवपुरी आणली.


१२ एप्रिल, शनिवार

वाढदिवस. मालनचे कोंबडी-वडे. दोन केक होते, एक आमच्या घरी आणि एक घाटकोपरला, दोघींनी टॅबवर एकदम कापले. रेवतीने नवीन ड्रेस घातला होता. तिच्या आईने टॅबवर मला हाक मारून म्हटलं, "काका, त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटलं असेल. पण तुम्ही बोलावलंत ते ती सगळ्यांना सांगत होती."

मी "वडे कसे खाणार फोनवरून," एवढंच म्हटलं.


२७ एप्रिल, रविवार

पावसाळ्याची सुकी मासळी भरायची म्हणून शेजारच्या खंडूबरोबर वर्सोव्याला गेलो. सुके बोंबील, सोडे, थोडा जवळा. खंडू कोळणींशी घासाघीस करत होता आणि मी जेट्टीवर उभा होतो. फेरीबोट मढला चालली होती, स्कूटर, माणसं, एक बकरी. खाडी तिथे अरुंद आहे. पलीकडच्या मढच्या जेट्टीवर एक बाई पोराला केळं सोलून देत होती ते मला इकडून दिसलं. पोराने साल पाण्यात टाकली, बाईने त्याला फटका दिला, तेही दिसलं.

मी तिथेच उभा राहिलो. खंडू म्हणाला, "काय रे, बोट चुकली का?"

रेवतीला घाटकोपरहून मेट्रो थेट वर्सोव्याला. आम्हाला मढला मालाडहून बस. कोणाला कोणाच्या बाजूला यावंच लागणार नाही.

या वेळी घरी आल्या आल्या पहिल्यांदा अक्षताला विचारलं. तिने तिथल्या तिथे डॉक्टर बाईंना मेसेज केला. त्यांचा फोनच आला. हसत होत्या. म्हणाल्या, "मोकळी हवा आणि मध्ये अख्खी खाडी! आणखी काय पाहिजे? मोठ्या माणसांनी इकडून तिकडे जाताना हात तेवढे स्वच्छ धुवा."

मग गार्गीला विचारलं. ती टॅब घेऊन आत पळाली. आतून दोघींच्या किंचाळ्या ऐकू आल्या. मग दोघींचा खोकला.


४ मे, रविवार

आज जाऊन आलो. सगळं लिहून ठेवतो.

ऊन चढायच्या आत म्हणून सकाळी लवकर निघालो, गार्गी, अक्षता आणि मी. सिद्धेशला सुट्टी मिळाली नाही. मालनने कोकम सरबताची मोठी बाटली दिली, मीठ जास्त घालून. मढला पोचलो तेव्हा बांबूंवर बोंबील वाळत होते. गार्गीने नाक धरलं आणि मग सोडून दिलं.

समोरची जेट्टी माणसांनी भरलेली. गार्गीने फोन लावला, नेहमीसारखा व्हिडिओ. मग एकदम ओरडली, "ए, व्हिडिओ बंद कर ना! तू समोर आहेस!"

फोनमधून आवाज आला, "कुठे? कुठे तू?"

"निळी टोपी! हात वर करते बघ!"

"सगळेच हात वर करतायत! बोट थांबवायला!"

"तू कुठली? ती पिवळ्या ड्रेसवाली का?"

"हो! छत्रीखाली! दिसले?"

गार्गी नुसती उड्या मारायला लागली, निळी टोपी हातात घेऊन. अक्षताने तिचा दंड धरून ठेवला, कठडा जवळ होता म्हणून. पलीकडे पिवळा ठिपका खुर्चीत बसला होता आणि दोन्ही हात हलवत होता. मध्ये बोट आली की ठिपका दिसेनासा व्हायचा. गार्गी बोटीवर चिडायची. खलाशाला वाटलं पोरगी त्यालाच हात करतेय, त्यानेही हात केला.

रेवतीने विचारलं, "तुझ्या इथे वास येतोय का बोंबिलांचा?" "भयंकर! तुझ्या इथे?" "माझ्या इथे पण!" यात एवढं हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. दोघी खूप हसल्या.

मग गार्गी माझ्याकडे वळली. "आबा, तू जा ना तिकडे. जवळून बघून ये आणि मला सांग."

मी हात धुतले आणि बोटीत बसलो. पोचायला काही वेळ लागत नाही.

रेवती चहावाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, मास्क लावून. आई बाजूला छत्री धरून उभी. मी चार हात अंतर ठेवून उभा राहिलो. म्हटलं, "काय गं, टॅबमधून बाहेर आलीस?" तिने वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, मग स्वतःच थांबली आणि लांबूनच हात जोडले. पोर फार बारीक आहे. एक वाक्य दोन श्वासांत बोलते. उन्हातून एवढा प्रवास करून आलेली, दम लागणारच. आईने सांगितलं, पुढच्या आठवड्यात दवाखान्यात राहायचं आहे, पंधरा-वीस दिवस. नेहमीचंच आहे म्हणाल्या. तिथे विश्रांती तरी मिळेल.

रेवतीला मला एक विचारायचं होतं. तेवढ्यासाठी तिने फोन खाली ठेवला. "आबा, गार्गी उंच किती आहे? व्हिडिओत... फक्त तोंड दिसतं. मी तिला विचारलं तर ती... खोटं सांगेल. मोठी सांगेल."

मी माझ्या शर्टावर हात आडवा ठेवला. वरून दुसऱ्या बटणाला. "इथपर्यंत येते."

"थांबा," म्हणाली आणि खुर्चीचा हात धरून उभी राहिली. आई म्हणाली, "अगं बस," पण ती बसली नाही. मी सरळ उभा राहिलो. ती समोर, तेवढ्याच अंतरावर, टाचा जुळवून. आईने बाजूने एक डोळा मिटून बघितलं.

"दुसरं बटण?" रेवतीने विचारलं.

"दुसरं बटण," आई म्हणाली.

रेवती हसली. मास्कच्या वर डोळे बारीक झाले. मी म्हटलं, "मला वाटलं होतं तू चांगली उंच असशील, दोन वर्षांनी मोठी तू."

"नाही! बरं झालं ना... सेम आहोत," ती म्हणाली. आई मात्र समोरच्या बोटींकडे बघत राहिली.

परत आलो. पुन्हा हात धुतले. गार्गी वाटच बघत होती.

"कशी आहे? सांग! बोलते कशी? केस खरंच तेवढे लांब आहेत का?"

"केस लांब आहेत. आणि उंची," मी बटणाला हात लावून दाखवला, "तुझ्याएवढी."

"खोटं!"

"तिच्या आईने मापून बघितलं."

गार्गीने ताबडतोब फोन उचलला. "ए! आपण सेम आहोत? सेम टू सेम?" पलीकडून रेवती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण पिवळा ठिपका पुन्हा उभा राहिला, आणि गार्गी कठड्यापाशी ताठ उभी राहिली, टोपी काढून. बोटी येत-जात होत्या. दोघी तशाच उभ्या, जसं काही खाडीवरून कोणी पट्टी ठेवून बघणार आहे.

मग रेवतीची आई निघायचं म्हणाली. ऊन चढलं होतं.

घरी येऊन मी अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. मालनने विचारलं, "कशी आसा गो ती?" गार्गी म्हणाली, "माझ्याएवढी आहे आजी. अगदी माझ्याएवढी." मालनने माझ्याकडे बघितलं. "चवदा वर्षांचा चेडू मां ता?" मी म्हटलं, "हो. अंगानेच बारीक असेल."

संध्याकाळी थापटायच्या आधी गार्गी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "रेवती इथपर्यंतच ना?" म्हणाली. दुसऱ्या बटणाच्या खाली डोकं टेकलं आणि दोन्ही हातांनी मला धरलं. आपल्याला वाटतं पोरं मोठी झाली, पण लाड हवेच असतात. तिचा श्वास आज स्वच्छ होता, शर्टावरून मला कळत होता. मी उगाच हललो नाही.